घरच्या अंगणातील कृत्रिम हिरवळ

गोल्फ हा खेळ पाहणाऱ्याच्या मनात राहते ती चेंडूची लांबवर गेलेली झेप. वस्तुतः त्या खेळाचा हिशेब मांडला तर निराळेच चित्र दिसते. अठरा खळग्यांच्या मैदानावर निष्णात खेळाडूकडून साधारणतः 72 फटक्यांची अपेक्षा असते आणि ती अपेक्षा बांधताना प्रत्येक खळग्यापाशी दोन फटके गुळगुळीत हिरवळीवरचे धरलेले असतात. म्हणजे 72 पैकी 36, अगदी निम्मे फटके असे, की ज्यांस बाहुबळ लागत नाही आणि शेपन्नास एकर रानही लागत नाही. या निम्म्या खेळास पटिंग म्हणतात. तो मुलाला, गृहिणीला आणि सत्तरीच्या आजोबांना सारख्याच योग्यतेने खेळता येतो व घराच्या अंगणात मावतो.

गेल्या काही वर्षांत कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीच्या आसपास या गोष्टीचा विचार होण्यास कारण आहे. ‘पंचतारांकित’ हे विशेषण ऐकून परगावचा माणूस येथे पंचपक्वान्नांची हॉटेले शोधू लागेल. परंतु या तारका रस्ते, पाणी, वीज इत्यादी सोयींच्या आहेत. सूत, कापड, ओतकाम, यंत्रांचे सुटे भाग अशा कारखान्यांच्या निमित्ताने पुण्या-मुंबईकडचे आणि परदेशी राहून आलेले कितीतरी लोक कागलात व कोल्हापुरात घरे करून राहतात. त्यांपैकी एखाद्यास गोल्फची गोडी लागलेली असली, तर येरवड्याचे पूना क्लबचे मैदान त्याच्यापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर आणि चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी क्लबचे त्याहूनही दूर. रोजच्या सरावास उरते ते घरामागचे मोकळे अंगण. मग तेथे प्लास्टिकच्या धाग्यांचा हिरवा गालिचा अंथरून, त्यात दोन-तीन खळगे पाडून पटिंगची हिरवळ तयार करावी असा बेत निघतो. आणि बहुधा त्याच दिवशी घरात दोन पक्षही पडतात. कारण त्याच अंगणात उन्हाळ्यात कुरडया-पापडांचे वाळवण पडत असते, तुळस असते, आणि एखादी कढीलिंबाची फांदी भिंतीवरून डोकावत असते.

नुसत्या पटिंगला खेळ म्हणावे काय, अशी शंका एखाद्यास येईल. त्याने स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूजकडे पाहावे. तेथे 1867 साली स्त्रियांचा एक पटिंग क्लब निघाला. स्त्रीने खांद्यावर हात उगारून फटका मारणे त्या काळच्या समाजाला रुचत नसे. म्हणून त्यांच्यासाठी केवळ हिरवळीवरचा खेळ राखला गेला. ती उंचसखल हिरवळ अद्याप नांदती आहे आणि तिचे नाव ‘हिमालयाज’ असे आहे! आपल्याकडे पाहावयाचे तर 2021 साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये बंगळूरची अदिती अशोक अवघ्या एका फटक्याने पदकाला मुकली व चौथी आली. तिच्या लांब फटक्यांना इतरांइतकी मजल नव्हती. ती जगातील अग्रगण्य खेळाडूंच्या बरोबरीने शेवटपर्यंत टिकली ती मुख्यत्वे पटिंगच्या जोरावर.

आता खरे गवत का लावू नये, हा प्रश्न ओघाने येतोच. उष्ण प्रदेशातील गोल्फच्या हिरवळींचे गवत म्हणजे आपल्या हरळीचेच कुळ होय. ज्या दूर्वांची एकवीस पात्यांची जुडी आपण गणपतीला वाहतो आणि जी ऊसाच्या सरीत दिसली की कागलचा शेतकरी कपाळाला हात लावतो, तिच्याच संकरित जाती गोल्फच्या मैदानांवर मानाने नांदतात. तेव्हा गवत येथे उगवणार नाही असे मुळीच नाही. अडचण आहे ती त्याच्या निगेची. चेंडू न अडखळता धावावयाचा तर ते गवत तीन-चार मिलिमीटर उंचीवर, जवळजवळ रोज, खास यंत्राने कापावे लागते. त्यावर वाळूचे पातळ थर द्यावे लागतात, खत, पाणी आणि रोगराईवरील औषधे वेळेवर द्यावी लागतात. क्लबापाशी माळ्यांचा ताफा असतो. घरी रविवारी सकाळी दोन तास मोकळे असणाऱ्या गृहस्थास हे व्रत झेपणारे नव्हे, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्या गवताला पाजावयाचे पाणी कोठून आणावे हा प्रश्न वेगळाच.

कृत्रिम हिरवळ जन्मली तीदेखील गवत हरल्यामुळे. अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीने बनविलेला असा गालिचा 1964 साली प्रॉव्हिडन्स येथील मोझेस ब्राउन शाळेत घातला गेला होता. त्याचा बोलबाला झाला तो मात्र ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममुळे. 1965 साली उघडलेल्या त्या छताखालच्या क्रीडागारात प्रथम खरेच गवत होते. पारदर्शक छतातून येणारी तिरीप खेळाडूंच्या डोळ्यांत जाऊ लागली, म्हणून छताच्या तावदानांना रंग दिला; ऊन अडले आणि गवत मेले. 1966 साली तेथे कृत्रिम हिरवळ आली आणि त्या इमारतीवरूनच तिला अ‍ॅस्ट्रोटर्फ हे नाव पडले.

पायाखालची भूमी बदलली की खेळ कसा बदलतो, हे भारतीयांना कोणी शिकवावयास नको. 1975 साली क्वालालंपूर येथे भारताने हॉकीचा विश्वचषक जिंकला तो गवतावर. पुढच्याच वर्षी माँट्रिअलच्या ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि तोवर सात वेळा सुवर्णपदक मिळविलेला देश तेथे सातवा आला. 1980 च्या मॉस्को येथील सुवर्णपदकानंतर पुढचे पदक हाती येण्यास 2021 साल उजाडावे लागले. या पीछेहाटीची कारणे अनेक होती. परंतु आपली मुले गवतावर व मातीवर शिकत होती आणि सामने गालिच्यावर होत होते, हे त्यांतले एक मोठे कारण होते. कोल्हापूरच्या तालमींना तर हा अनुभव त्याहूनही जुना. तांबड्या मातीत तेल, ताक, हळद घालून ती मऊ राखण्यात येथल्या वस्तादांचा हातखंडा. पण 1948 साली लंडनला गेलेल्या खाशाबा जाधवांना गादीवर लढावे लागले. ते सहावे आले. चारच वर्षांनी, गादीशी ओळख झाल्यावर, त्यांनी हेलसिंकीहून कांस्यपदक आणले.

हे येथे सांगण्याचे कारण असे, की गोल्फच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे. हॉकीचा सामना गालिच्यावर होतो म्हणून सरावही गालिच्यावरच हवा. गोल्फचा सामना मात्र आजही गवतावरच होतो. अंगणातला गालिचा नेम, हाताचा तोल आणि अंतराचा अंदाज शिकवील. गवताचा कल कोणीकडे आहे, दवाने चेंडू किती मंदावला, या गोष्टी तो शिकविणार नाही. ही मर्यादा पैसे खर्च करण्याआधी ओळखावी. पूर्वी हिंदुस्थानातील कोरड्या प्रदेशांत, जेथे पाण्याअभावी हिरवळ राखणे अशक्य असे, तेथे वाळूत तेल कालवून ती दाबून सपाट करीत व त्या तपकिरी वर्तुळात खळगा पाडून खेळत. त्यावरही माणसे उत्तम खेळायला शिकली.

हा बेत पक्का झालाच, तर एक गोष्ट ध्यानात धरावी. दुकानात मिळते तो गालिचा. हिरवळ मिळत नाही. हिरवळ ही गालिच्याखाली सहा इंचांत तयार होते. कोल्हापुरात वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. बारा फूट रुंद व वीस फूट लांब अशी लहानशी जागा घेतली तरी ती 240 चौरस फूट, म्हणजे सुमारे 22 चौरस मीटर भरते. एखाद्या दिवशी 50 मिलिमीटर पाऊस झाला की तेवढ्याच जागेवर 1,100 लिटरांहून अधिक पाणी पडते. पंधरा लिटरच्या बादलीने मोजले तर सुमारे 75 बादल्या. या 75 बादल्या कोठे जाणार याचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याने गालिच्याचे नमुने पाहण्यास जाऊच नये.

प्रथम जमीन ओळखावी. दूधगंगेच्या खोऱ्याकडे काळी माती आणि माळावर मुरमाड जमीन, असा या भागाचा सर्वसाधारण प्रकार आहे. मुरूम असल्यास घरमालक भाग्यवान. तो दाबला की बसतो आणि पाण्याने फुगत नाही. काळी माती मात्र पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगा पाडते, आणि तिच्यावर पसरलेला गालिचा वर्षभरात लाटांसारखा वरखाली होतो. वीस फुटांवरून निघालेला चेंडू मग खेळाडूचे ऐकत नाही, जमिनीचे ऐकतो. म्हणून काळी माती सहा इंच तरी उकरून काढावी; भेगा खोलवर जात असल्यास त्याहूनही अधिक. वर सांगितलेल्या जागेतून ती सव्वा ब्रासच्या सुमारास निघेल. ती फेकू नये. तिचा उपयोग पुढे येणार आहे.

उकरलेल्या तळाला आधीच उतार द्यावा. शंभर फुटांस एक फूट ते दीड फूट हे प्रमाण पुरेसे. म्हणजे वीस फुटांत अडीच ते साडेतीन इंच. पाण्याची नळी धरून गवंडी ही पातळी बिनचूक काढतो, आणि त्याच्यावर येथे विश्वास टाकावा. नजरेच्या अंदाजावर टाकू नये. तळ धुम्मसाने ठोकून त्यावर माती व खडी वेगळी ठेवणारे जिओटेक्स्टाईल कापड अंथरावे. ते नसले तर दोन पावसाळ्यांत खडी मातीत उतरते व माती खडीत चढते. त्यावर चार इंच खडी, तीही एकदम न ओतता दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून आणि दाबून. सर्वांत वर दीड इंच बारीक कच. हा शेवटचा थर म्हणजे खऱ्या अर्थाने हिरवळ. त्यावर दहा फुटी सरळ पट्टी फिरवावी व जेथे पट्टीखाली उजेड दिसेल तेथे भर घालावी. गालिचा दहा-पंधरा मिलिमीटर जाडीचा, तो चार मिलिमीटरचा खड्डा लपवील. परंतु चेंडू तो शोधून काढतोच.

काही जण हा सगळा खटाटोप टाळून सरळ सिमेंटचा कोबा करतात व त्यावर गालिचा चिकटवितात. काम दोन दिवसांत आटोपते आणि दिसतेही नेटके. परंतु कोब्याखाली पाणी मुरत नाही. ते एकतर घराच्या पायाकडे वळते किंवा शेजाऱ्याच्या कुंपणभिंतीकडे. वसाहतीत कारखान्यांची छपरे, गाड्यांचे तळ, रस्ते मिळून आधीच मोठी जमीन झाकली गेली आहे. घराभोवतीची उरलेली मातीही झाकावयाची, मग पावसाळ्यात गटार तुंबले म्हणून आणि उन्हाळ्यात बोअर आटली म्हणून तक्रार करावयाची, हे सुशिक्षित घरास शोभत नाही. खडीच्या उताराच्या खालच्या टोकास एक शोषखड्डा खणावा, तीन फूट लांब, तीन फूट रुंद व तेवढाच खोल, घराच्या पायापासून दूर. त्यात मोठे दगड, त्यावर लहान दगड भरावेत. त्या पाऊणशे बादल्यांपैकी बऱ्याचशा तेथे मुरतील.

गालिच्याविषयी थोडक्यात सांगितले तरी चालेल. बागेच्या शोभेसाठी विकतात ते लांब पात्यांचे गवत पटिंगच्या कामाचे नव्हे. आखूड, दाट व सरळ उभ्या धाग्यांचे घ्यावे. नायलॉनचा धागा दाबल्यावर पुन्हा उभा राहतो, म्हणून तो महाग. पट्टे जोडावे लागले तर सर्वांच्या धाग्यांचा कल एकाच दिशेस असावा. नाहीतर सांध्यावरून जाताना चेंडू वळण घेतो आणि रंगही दोन दिसतात. गुंडाळी उलगडून काही तास उन्हात पडू द्यावी, म्हणजे सुरकुत्या जातात. सांधे खालून पट्टी व गोंद लावून जोडतात. तो गोंद दमट हवेत धरत नाही, म्हणून हे काम फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उरकावे. शेवटी धाग्यांच्या मुळाशी धुतलेली, वाळवलेली, गोल कणांची वाळू ब्रशाने भरावी लागते. चेंडूचा वेग या वाळूच्या प्रमाणावर ठरतो आणि गालिचा जागेवर राहतो तोही तिच्या वजनाने. मातकट वाळू वापरली की पहिल्या पावसात तिचा चिखल होतो व पुढे शेवाळ धरते.

खळग्याचे माप जगभर एकच आहे: व्यास सव्वाचार इंच, म्हणजे 108 मिलिमीटर, आणि खोली किमान चार इंच. चेंडूचा व्यास 42.67 मिलिमीटरांहून कमी चालत नाही. म्हणजे खळगा चेंडूच्या अडीचपट रुंद. ऐकावयास हे प्रमाण उदार वाटते, दहा फुटांवर उभे राहिल्यावर वाटत नाही. खळग्यात बसवावयाच्या भांड्याच्या तळाला भोक असलेच पाहिजे व त्याखाली खडी पाहिजे. हे केवळ खेळाच्या सोयीसाठी नव्हे. पावसाळ्यात तेथे चार इंच स्वच्छ पाणी आठवडाभर साचून राहिले, तर डेंग्यूचा डास अंडी घालण्यास याहून चांगली जागा शोधणार नाही. खेळ नसेल तेव्हा खळग्यावर झाकण ठेवावे आणि आठवड्यातून एकदा ते उघडून पाहावे.

हिरवळ झाली, ती कशी झाली हे ठरवावयाचे साधन घरी करता येते. एडवर्ड स्टिम्पसन या अमेरिकन गृहस्थाने 1935 साली एक साधी पन्हळ तयार केली आणि पुढे तेथील गोल्फ संघटनेने ती प्रमाण मानली. छत्तीस इंच लांबीची सरळ पन्हळ घ्यावयाची, खालच्या टोकापासून तीस इंचांवर चेंडू अडेल अशी खाच पाडावयाची. चेंडू खाचेत ठेवून वरचे टोक हळूहळू उचलले की सुमारे वीस अंशांवर तो आपोआप सुटतो. मनुष्याच्या हाताचा जोर त्यात येत नाही. सपाट जागी तो जितके फूट धावेल तितका हिरवळीचा वेग. तीच चाचणी उलट दिशेनेही करून सरासरी काढावी. घरच्या सरावाला नऊ-दहा फूट उत्तम. मोठ्या स्पर्धांत तो बारा फुटांच्याही पुढे नेतात, पण ते वैभव घरी मिरविण्यात अर्थ नाही. इतक्या वेगवान जागी शंभरास तीनचा उतारदेखील खळगा चुकलेल्या चेंडूला लवकर थांबू देत नाही. शाळकरी मुलांना या पन्हळीने उतार, वेग व घर्षण यांचे जितके ज्ञान होईल तितके पुस्तकाच्या चार पानांनी होणार नाही.

आता दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकावे, कारण त्यात तथ्य आहे. प्लास्टिकचा गालिचा भर दुपारी साठ अंशांच्या पुढे तापतो. त्यावर अनवाणी मूल चालू शकत नाही आणि संध्याकाळी अंगणात येणारी गार झुळूकही तो काही अंशी हिरावून घेतो. समोरच्या खिडकीच्या काचेवरून ऊन परावर्तित होऊन एकाच जागी पडत राहिले, तर धागे वितळल्याचेही आढळते. झाडाची पाने, पक्ष्यांची विष्ठा, धूळ ही सर्व झाडावी व धुवावी लागतात. निगा लागत नाही, असे विक्रेता म्हणतो तेव्हा त्याने स्वतःच्या अंगणाविषयी बोलत नसावे. याहून गंभीर गोष्ट अशी, की धागे झिजतात आणि त्यांचे डोळ्यांना न दिसणारे कण मातीत व पाण्यात जातात. युरोपीय संघाने 2023 साली अशा सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध घातले असून क्रीडांगणांत भरावयाच्या प्लास्टिकच्या व रबराच्या दाण्यांची विक्री आठ वर्षांच्या मुदतीनंतर तेथे बंद व्हावयाची आहे. घरच्या हिरवळीत दाण्यांऐवजी वाळू वापरली की त्या दोषाचा मोठा भाग टळतो. धाग्यांचा दोष उरतोच.

म्हणून अंगण संपूर्ण झाकू नये. बारा बाय वीसची जागा एका कडेला, शक्य तर इमारतीच्या दुपारच्या सावलीत घ्यावी. उरलेले अंगण मातीचेच राहू द्यावे. सव्वा ब्रास काळी माती निघाली आहे, ती दक्षिणेच्या बाजूस ओट्यासारखी रचून त्यावर कढीलिंब, पारिजातक, जास्वंद लावावी. त्यांची मुळे शोषखड्ड्याच्या ओलीवर वाढतील. तुळशीवृंदावन हलविण्याची गरज पडत असेल, तर गालिच्याचा आकार बदलावा. पटिंगची हिरवळ चौकोनी असलीच पाहिजे असा नियम नाही. मूत्रपिंडाच्या आकाराची असेल तर खेळ उलट अधिक रंजक होतो. वाळवण मात्र गालिच्यावर घालू नये, तापलेल्या प्लास्टिकवर खाण्याचा जिन्नस पसरणे इष्ट नव्हे. त्यासाठी गच्ची आहे.

कच दाबून पूर्ण झाल्यावर आणि गालिचा उलगडण्यापूर्वी एक दिवस थांबावे. वरच्या टोकाकडून पंधरा-वीस बादल्या पाणी सावकाश ओतावे व पाणी कोठे रेंगाळते ते घरातील सर्वांनी मिळून पाहावे. जेथे डबके राहील तेथे खुंटी ठोकावी आणि दुसऱ्या दिवशी गवंड्याकडून ती जागा पुन्हा करून घ्यावी. विक्रेत्याशी व्यवहार करताना रंग आणि दर यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा: आठ-दहा वर्षांनी हा गालिचा झिजेल तेव्हा तो परत नेण्याची काय व्यवस्था आहे? त्याचे उत्तर पावतीवर लिहून घ्यावे.